आरशाची कड

साखर पेठ, सोलापूर
९ जानेवारी १९७७, रविवार

श्री. चनबसप्पा भाऊजी यांस नमस्कार.

आज नळाला पाणी उशिरा आलं. धुणं आटोपून मी चौथीच्या चाचणीचे पेपर तपासले, सासूबाईंनी भाकऱ्या टाकल्या. जेवणाआधी वीज गेली आणि शेजारचे माग थांबले. माग चालू असले की टेबल थरथरतं आणि काही दिसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून लगेच मधल्या खोलीच्या खिडकीला वाकळ लावली आणि आरसा तिपाईवर उभा करून पाहिला. त्याबद्दल विचारायला हे पत्र लिहिते आहे.

धारवाडचा पत्ता तुमच्या शुक्रवार पेठेतल्या आत्यांकडून घेतला. हे गेल्याचं कार्ड मी सप्टेंबरात कोपरा फाडून तुमच्या जुन्या पत्त्यावर टाकलं होतं. मिळालं नसेल तर आता कळवते की हे काविळीनं गेले. मिळालं असेल तर माझं काही म्हणणं नाही.

यांच्या शाळेच्या गच्चीवर यांच्या नावानं दुर्बीण बसवायची असं मुख्याध्यापकांनी ठरवलं आहे. नळी सुतारानं केली. खाली पाटी लागणार आहे, कै. ज्ञानबा बागल सर यांच्या स्मरणार्थ. राहिला आहे तो यांनी हातानं घासून केलेला आरसाच. त्याच्या काचेवर चकाकीचा मुलामा चढवायला तो पुण्याला पाठवायचा आहे. काल मुख्याध्यापक घरी येऊन म्हणाले, "बाई, आरसा पूर्ण झालाय ना? सरांनी तसं सांगितलं होतं." मी म्हटलं, बघून सांगते. ते माझ्याकडे जरा बघत राहिले, पण हो म्हणाले. शाळेत दुसरं कोणी ते बघू शकत नाही.

हे म्हणायचे, आरसा झाला. तुम्ही म्हणाला होता, झालेला नाही, कड पडली आहे, परत घासावा लागेल. त्या दिवशी मी आत चहा करत होते. दोन कप घेऊन बाहेर आले तर खोलीत एकच माणूस होतं. त्यानंतर तुम्ही आला नाहीत आणि यांनी तुमचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही. तुमचं भांडण कशावरून झालं ते मला कळलं होतं, पण एका काचेवरून इतकं का झालं, ते कळलं नव्हतं. अजूनही कळलेलं नाही.

बघण्याची मांडणी यांनी शिकवली तशी केली. कुठं चुकत असेल तर सांगावं म्हणून सगळं लिहिते. आरसा भिंतीकडच्या तिपाईवर, तिथून आठ फुटांवर टेबल. टेबलावर कंदील, त्यावर डबा, डब्याला सुईचं भोक. भोकाशेजारी लाकडी ठोकळ्याला लावलेलं दाढीचं ब्लेड. भोकातला उजेड आरशावर जाऊन परत येतो त्या जागी डोळा लावला, की आरसा पौर्णिमेच्या चंद्रासारखा भरून दिसतो. मग ब्लेड अगदी हळू आत सरकवायचं. आरशावर सावली येते आणि हाताला कधी लागणार नाही असा उंचसखलपणा डोंगरासारखा दिसायला लागतो. हे सगळं मी त्यांच्या शेजारी बसून पुष्कळदा पाहिलेलं आहे. आधी ते बघायचे, मग मला बसवायचे आणि म्हणायचे, मी काय पाहिलं ते विचारू नकोस, तुला काय दिसतं ते सांग.

आज मला दिसलं ते असं. आरशाच्या खालच्या बाजूला, थोडा डावीकडे, एक फुगवटा आहे. तव्यावर भाकरी एका बाजूनं फुगावी तसा. बाकी सपाट, राखाडी.

तुम्ही म्हणालात ती पडलेली कड हीच का? तेवढं कळवा. हो असेल तर हो लिहा. मला वाईट वाटेल म्हणून नाही लिहू नका. पुण्याहून तो आरसा चमकून येईल, गच्चीवर बसेल आणि त्यातून मुलांना चंद्र धुरकट दिसेल, आणि खाली यांचं नाव असेल. ते मला नको आहे.

शिवबाई बागल

२० जानेवारी १९७७

श्री. चनबसप्पा भाऊजी यांस नमस्कार.

पत्र परवा मिळालं. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत टपाल तुंबलं होतं, असं पोस्टमन म्हणाला. यंदा तुम्ही गड्ड्याला आला नाहीत, असं तुमच्या आत्यांकडून कळलं.

कार्ड तेव्हाच मिळालं होतं, पण कोणत्या तोंडानं येणार, असं तुम्ही लिहिलं आहे. यावर काय लिहावं याचा मी विचार केला. मयताला माणसं येतात तेव्हा त्यांच्या तोंडाकडे कोणी बघत नाही. एवढं लिहून तो विषय सोडते.

तुम्ही विचारलं होतं, फुगवटा एकाच जागी आहे की सगळ्या कडेनं. एकाच जागी आहे. तुम्ही लिहिलं, आरसा पाव फिरवून बघा, फुगवटा काचेबरोबर फिरला तर दोष काचेत आहे, जागच्या जागी राहिला तर दोष मांडणीत किंवा खोलीतल्या हवेत आहे. हे मला एकदम पटलं. काचेच्या मागे यांनी लावलेल्या रंगाच्या खुणेवर लक्ष ठेवून फिरवला. जत्रेमुळे माग बंद होते, घाई नव्हती. फुगवटा काचेबरोबर फिरला. खाली होता तो बाजूला गेला. आणखी फिरवला, तो वर गेला. म्हणजे दोष काचेतच आहे, असंच ना?

 मला वाटत होतं, तो हवेत निघेल.

सासूबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या. त्यांना अंधार करून बसलेलं आवडत नाही. म्हणाल्या, "काय बघतीस गं रोज रोज त्यात? ज्ञानू दिसतोय का माझा?"

मी म्हटलं, "काच बरोबर झाली आहे का ते बघते, आत्या."

"त्यानं केली म्हंजी बरोबरच असणार की. काच घासत पिंपाभवती किती फिरला माझा लेक. जात्यावर येवढं दळलं असतं तर सबंद पेठ जेवली असती."

 त्याच पुढं म्हणाल्या, "लौकर बघ आन् ठिव जागेवर. त्याचा हात हाय त्याच्यात."

आरसा हल्ली देवाच्या फळीवर यांच्या फोटोला टेकून असतो. सासूबाईंनीच तो तिथं ठेवला. मी आधी ट्रंकेत ठेवला होता, पण त्यांना ते बरं वाटेना. रोज पहाटे उठून त्या समई लावतात, फोटोला फूल वाहतात, एक आरशालाही वाहतात. वर्ष होईपर्यंत त्या हे करणार. मी बघायला बसते तेव्हा तिथूनच उचलून आणते आणि झालं की परत ठेवते. पाहताना काचेवर फूल चिकटलेलं नाही ना, ते नीट बघते.

आता पुढं काय करायचं ते लिहा. मुख्याध्यापकांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

शिवबाई बागल

२७ जानेवारी १९७७

श्री. चनबसप्पा भाऊजी यांस नमस्कार.

पत्र मिळालं. दोष काचेत आहे, पण तुम्ही पाहिलेला हा नव्हे, नंतर कधीतरी झाला असावा, येऊन एक-दोन बैठकांत काढून देतो, असं तुम्ही लिहिलं आहे. काच घासायची राळेची गादी फेकली नसली तर ठेवा, असंही लिहिलं. फेकलेली नाही. पिंपावरच आहे, वर धूळ आहे.

तुम्ही याल म्हणून बरं वाटलं. लगेच बरं वाटेनासंही झालं. का, ते मला सांगता येत नाही.

"नंतर झाला असावा" हे वाचून मी ऑगस्टचे दिवस आठवून पाहिले. अंगात ताप असताना ते घासत होते. मी नको म्हणायची, ते म्हणायचे, थोडंच राहिलंय. त्या दिवसांत त्यांनी मला बघू दिलं नाही. डोळे पिवळे झाले होते. म्हणायचे, आज माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. मी म्हटलं, मग माझ्या डोळ्यांनी बघते. त्यावर म्हणाले, तुझे कशाला बिघडवायचे. मी हसले होते. आता वाटतं, त्यांना काही दिसलं होतं आणि मला दाखवायचं नव्हतं का? की खरंच काही दिसत नव्हतं? की सहज म्हणाले होते?

पण लिहायचं ते वेगळंच आहे. मी परत पाहिलं आणि माझा गोंधळ झाला आहे.

सोमवारी फुगवटा खुणेच्या जवळ होता. आधी तो खुणेच्या बरोबर विरुद्ध बाजूला होता, हे मी पक्कं सांगते, कारण फिरवताना खूण बघतच फिरवलं होतं. मला वाटलं, मीच चुकले. परवा शाळेतून आल्यावर परत पाहिलं तर तिसऱ्याच बाजूला, आणि आधीपेक्षा बारीक. आणि बघता बघता आणखी बारीक झाला. मी डोळे चोळले, थांबून परत पाहिलं, तर नसल्यातच जमा. आज सकाळी शाळेला जाण्याआधी घाईघाईनं पाहिलं, तर पुन्हा चांगला मोठा.

दोष काचेत आहे तर तो जागा कशी बदलतो? काच रोज वेगळी कशी होईल? माझ्या डोळ्यांतच काही झालं असेल तर आतापर्यंत लिहिलं ते सगळं खोटं धरा. मी आज वर्गात फळ्यावरचं शेवटच्या बाकावरून वाचून पाहिलं. वाचता आलं.

मुख्याध्यापकांनी शिपायाला पाठवलं होतं. ईरप्पा म्हणजे तोच, सरांना अण्णा म्हणायचा तो. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "बाई, सायेब विचारतेत की झालं का बघून? म्हटलं, आमची मंडळी बी आरसा बघतीया, पर येवढा येळ न्हाई लागत तिला." मग स्वतःच ओशाळला आणि म्हणाला, "अण्णा असते तर हसले असते." मी म्हटलं, हो, हसले असते. त्याला सांगितलं, साहेबांना म्हणावं अजून थांबा.

स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते दुर्बीण उघडायची आहे, म्हणून त्यांना घाई आहे.

शिवबाई बागल

२ फेब्रुवारी १९७७

श्री. चनबसप्पा भाऊजी यांस नमस्कार.

तुमचं उत्तर सासूबाईंच्या हाती पडलं. पाकीट माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "वाच. मोट्यानं वाच." मी वाचलं. फुगवटा फिरतो याचा अर्थ तुम्हालाही लागत नाही आणि येत्या रविवारी तुम्ही स्वतःच येता, असं तुम्ही लिहिलं होतं. घासायचा शब्द आला तिथं त्यांनी थांबवलं.

"घासतोय म्हंजी? वरचं काडून टाकणार व्हय?"

मी म्हटलं, अगदी पातळ थर जातो, डोळ्याला दिसतसुद्धा नाही.

"पातळ आसंना. ज्ञानूनं केलेलं जानार का न्हाई, ते सांग."

मला खोटं सांगता आलं नाही. म्हटलं, जाणार.

"पोराचा हात पुसाय येतोय व्हय ह्यो? तो व्हता तवर भांडला, दिवसाला आला न्हाय, आन् आता घासाय येतोय. लई शानाच हाय."

मी तुमची बाजू घेतली नाही. त्यांचीही घेतली नाही. पत्र घडी करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवर समई होती, फोटो होता, आरसा नव्हता. विचारलं, आरसा कुठं आहे. म्हणाल्या, "हाय." कुठं आहे? "घरातच हाय. तुज्या धारवाडवाल्याला घावायचा न्हाय." आणि शांतपणे मिरच्या निवडायला बसल्या. मला एकदम हसू आलं. हे गेल्यापासून मी हसले नव्हते, त्यामुळे माझं मलाच कसंतरी झालं आणि मी आत गेले.

ट्रंकेत पाहिलं, माळ्यावर पाहिलं, गाद्यांखाली पाहिलं. नाही. त्यांच्याशी भांडायची माझी इच्छा नाही. त्यांचा मुलगा गेला आहे. माझंही माणूस गेलं आहे, पण त्या म्हणतात तो हात मला त्या काचेत दिसत नाही, फुगवटाच दिसतो, आणि तोही धड एका जागी नाही. कोणाचं खरं मानावं?

या रविवारी येऊ नका. आरसाच नाही तर येऊन काय करणार? सापडला की कळवते.

शिवबाई बागल

८ फेब्रुवारी १९७७

श्री. चनबसप्पा भाऊजी यांस नमस्कार.

आरसा सापडला.

परवा रविवारी दळण करायचं होतं म्हणून पत्र्याच्या कोठीतून ज्वारी काढत होते. सुपाला टणक काही लागलं. यांच्या जुन्या धोतरात नीट गुंडाळून आरसा ज्वारीत पार खोल पुरलेला होता. सासूबाई मारुतीला गेल्या होत्या. माग थांबलेले होते. दळण तसंच टाकून मी वाकळ लावली, कंदील लावला आणि बसले.

फुगवटा नव्हता. कुठंच नव्हता. खूण वर करून पाहिली, खाली करून पाहिली, दोन्ही बाजूंना करून पाहिली. सावली सगळ्या आरशावर सारखी येत होती, मधोमध थोडी खोल आणि भोवती हलकी, हे सांगायचे तशीच. मला आधी वाटलं, हा आरसा दुसराच आहे. मग खूण पाहिली. आपलाच.

 उठून आरशाजवळ गेले, आणि का ते माहीत नाही, काचेवर बोट टेकवलं. थोडा वेळ तसंच ठेवलं. कधी हात लावायचा नाही असं त्यांनी बजावलेलं होतं. परत येऊन ब्लेडपाशी डोळा लावला. बोट टेकवलं होतं तिथं टेकडी उभी होती. चांगली उंच, एका बाजूनं ऊन पडल्यासारखी. मी बघत राहिले. हळूहळू ती बसत गेली. शेवटी मागे काही राहिलं नाही.

मग माझ्या लक्षात आलं. माझ्या एका बोटाच्या उबेनं काच इतकी फुगते, तर समईनं किती फुगेल? पहाटेपासून समई आरशाला खेटून जळत असते. ज्या बाजूला ज्योत ती बाजू तापते, आणि मी आरसा तिथून उचलून थेट तिपाईवर ठेवत होते. म्हणून फुगवटा काचेबरोबर फिरत होता. परत ठेवताना खूण वर ठेवायची की खाली, हे मी कधी बघितलं नाही, म्हणून दर वेळी वेगळी बाजू तापत होती. सकाळी मोठा, संध्याकाळपर्यंत समई विझून काच निवालेली, म्हणून बारीक. तुम्हाला मी सगळं लिहिलं आणि समईचंही लिहिलं होतं. तुमच्या लक्षात आलं नाही, माझ्याही आलं नाही. घरातला दिवा तो, त्याच्याकडे कोण बघतं?

ज्वारीत काच सगळीकडून सारखी गार राहिली होती.

इथं पत्र संपवलं असतं तर बरं झालं असतं. पण तुम्हाला विचारलं मीच, तर सांगितलंही पाहिजे. फुगवटा नसताना मी कड नीट पाहिली. आरशाच्या काठाला दोन्ही बाजूंनी उजेडाची केसासारखी रेघ दिसायला पाहिजे, असं हे सांगायचे. एका बाजूला ती आहे. दुसऱ्या बाजूला नाही. आरसा फिरवून कडेचा कुठलाही भाग त्या बाजूला आणला तरी तिथं रेघ नाही. म्हणजे एका जागी नव्हे, सगळी कडच बारीकशी खाली गेलेली आहे, नखाएवढ्या रुंदीत.

तुमचं बरोबर होतं.

हे त्यांना दिसलं होतं का, हेच आता डोक्यात फिरतं. दिसलं असेल तर ते "झाला" का म्हणत राहिले? ताप असताना घासत होते ते कशासाठी, झालेला आरसा कोणी घासतं का? मग मला का बघू दिलं नाही? आणि दिसलंच नसेल, तर मला दिसतं ते त्यांना का दिसलं नाही? कुठलंही एक धरलं की दुसरं सुटतं.

आरसा मी परत धोतरात गुंडाळला आणि होता तिथंच ज्वारीत ठेवला. सासूबाईंना सांगितलेलं नाही. दळण दुपारी गिरणीत देऊन आले.

शिवबाई बागल

१७ फेब्रुवारी १९७७

श्री. चनबसप्पा भाऊजी यांस नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुम्ही बरोबर होता असं मी लिहिल्यावर तुम्ही त्याबद्दल एक शब्दही लिहिला नाही, हे मला बरं वाटलं.

दोन मार्ग आहेत असं तुम्ही लिहिता. कड परत घासून सारखी करायची, किंवा काळ्या कागदाचं कडं कापून तेवढी कड झाकायची. झाकली तर यांनी केलेलं सगळं तसंच राहील, उजेड थोडा कमी येईल, चंद्र चांगला दिसेल, कोणाला कळणारही नाही. आणि ठरवायचं मी.

मुख्याध्यापक मंगळवारी स्वतः आले होते. मी सांगितलं, आरसा पूर्ण नाही. ते म्हणाले, "बाई, अहो चंद्रच तर दाखवायचाय. दिसला म्हणजे झालं. पाहुण्यांना काय कळतंय?" मी म्हटलं, "पाटीवर यांचं नाव आहे."  मग म्हणाले की संमेलनात नुसती नळी आणि पाटी ठेवू, आरसा झाला की बसवू. वाईट मनानं नाही म्हणाले. चहा घेऊन गेले.

त्या दिवशी मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, ज्वारी काढताना मला काच लागली."

"कवा?"

"मागच्या आठवड्यात."

"आन् परत ठिवलीस?"

"ठेवली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, एकदा तुम्ही बघा. मग ठरवू. त्या नको नको म्हणाल्या, पण उठल्या. शेजारचे माग सुटेपर्यंत थांबलो. मी आरसा काढून मांडला आणि त्यांना स्टुलावर बसवलं. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्यानं बघायला लावलं. बराच वेळ त्यांना काही सापडेना. मग एकदम म्हणाल्या, "आगं, चांद हाय की ह्यो."

मी ब्लेड सरकवलं. त्यांना म्हटलं, आता जाऊन काचेवर बोट ठेवा. त्यांनी बोट ठेवलं नाही. सगळा तळवा ठेवला. यांच्या गालावर ठेवायच्या तसा ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. मी या म्हटल्यावर आल्या आणि डोळा लावला.

त्यांना काय दिसलं ते मला त्यांच्या मागून दिसत नव्हतं. पण माहीत होतं.

"हात हाय," त्या म्हणाल्या. "पाच बी बोटं हायती." आणि थोड्या वेळानं, "कुनाचा गं ह्यो? माजाच व्हय?"

"तुमचाच, आत्या."

त्या बघत राहिल्या. मी पाठीवर हात ठेवला तर त्यांनी झटकला नाही. मग म्हणाल्या, "चालला. बोटं चालली बग."  डोळा काढला तेव्हा मी विचारलं, गेला का? त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "आन् ज्ञानूचा?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. त्या काचेचा आकार त्यांच्या हातांनी आला आहे, आणि ती पडलेली कडही त्यांच्याच हातांनी आली आहे. चांगलं तेवढं त्यांचं आणि वाईट ते दुसऱ्या कोणाचं, असं मला म्हणता येत नाही.

त्या रात्री जेवताना त्यांनीच विषय काढला. "कोन घासणार?"

मी म्हटलं, भाऊजी येतील.

"त्यो न्हाय. तू घास. त्याला म्हनावं, म्होरं बसून सांग."

मी म्हटलं, मला येत नाही. "ज्ञानूला तरी आईच्या पोटात येत व्हतं का?" एवढं बोलून त्यांनी ताक प्यायलं.

तेव्हा असं ठरलं आहे. कागद लावायचा नाही. झाकलं तर मला रोज आठवेल की खाली काय आहे. तुम्ही या. घासायचं मी, सांगायचं तुम्ही. पिंपाभोवती कसं फिरायचं ते मी पाहिलेलं आहे, हाताचा दाब किती ते माहीत नाही. राळ कडक झाली आहे, तुमच्याकडे चांगली असेल तर आणा. माझ्या हातून बिघडला तर बिघडला. मग परत घासू.

यांना हे आवडलं असतं का, याचा मी विचार केला आणि उत्तर आलं नाही. तुम्हाला येत असेल तर आल्यावर सांगा. नसेल तर राहू दे.

सासूबाईंनी निरोप सांगितला आहे की धारवाडवाल्याला म्हणावं, जेवून जायचं. आणि येताना तुमच्या आत्यांना भेटून या, त्या वाट बघतात.

सासूबाई शेजारी बारशाला गेल्या आहेत. घरात मी एकटीच आहे. इथवर लिहून उठले. सकाळी भिजत घातलेली मटकी उपसली, पाणी निथळू दिलं, फडक्यात घट्ट बांधली आणि झाकून ठेवली.

शिवबाई बागल